खापरपणजोबा शोधण्याची सोपी कृती

घरात कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका छापायची असते, कुणाला जातीच्या दाखल्यासाठी १९६७च्या आधीचा पुरावा हवा असतो, किंवा माणूस नुसताच निवृत्त झालेला असतो. मग एका सकाळी चहा पिता पिता तो म्हणतो, ‘एकदा आपली वंशावळ काढली पाहिजे.’ घरातले कुणी त्याला अडवत नाहीत, कारण आणखी दोन महिन्यांनी हा माणूस कसा दिसेल याची त्यांना कल्पना नसते. ही कृती अशा माणसासाठी आहे. मी ती करून पाहिली आहे. खापरपणजोबा सापडले, पण जिथे शोधत होतो तिथे नाही.

साहित्य : दोनशे पानी वही एक. पेनं चार, त्यातली दोन सरकारी टेबलांवर राहतात असं धरून. बॅटरी, कारण दप्तराच्या खोलीत दिवा असला तरी तो आपल्या कपाटापासून लांब असतो. पेढे अर्धा किलो. ते कुणाला द्यायचे हे वेळ आली की आपोआप कळतं. आणि एक म्हातारी आत्या. सख्खी नसली तर चुलत चालेल. आत्याच्या जागी चुलते वापरू नयेत, पदार्थ बिघडतो.

तरीही सुरुवात चुलत्यांपासूनच करावी लागते, नाहीतर ते रुसतात. घरातल्या सगळ्यांत थोरल्या चुलत्यांसमोर वही उघडून बसा. ते पानिपतापासून सुरू करतील. आमचे आप्पाही तिथूनच निघाले. ‘आपला मूळ पुरुष भाऊसाहेबाबरोबर गेला हुता. माघारी आला तो एकटा.’ महाराष्ट्रात घराघरांतून सांगितले जाणारे पूर्वज १४ जानेवारी १७६१ रोजी खरोखर त्या मैदानावर असते, तर ती गर्दी बघूनच अब्दाली काबूलच्या वाटेला लागला असता. आणखी एक नवल म्हणजे, त्या फौजेबरोबर बाजारबुणगे आणि यात्रेकरू अफाट संख्येने होते, पण ‘आमचा मूळ पुरुष बुणगा होता’ असं सांगणारं घर मला आजवर भेटलेलं नाही. सगळे भाल्यावाले. सैपाक कुणी केला कोण जाणे.

पानिपतापाठोपाठ तलवार येते. आमची तलवार आप्पांच्या मते ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपात भिंतीखाली गेली. धाकटे चुलते म्हणतात, २००५च्या पुरात कृष्णेनं नेली. चुलतभावाने २०१९च्या पुराच्या आदल्या दिवशी ती माळ्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. नवशिक्याने इथे वाद घालू नये. तिन्ही हकिकती लिहून घ्याव्यात, खाली तारीख टाकावी आणि दुसरा कप चहा घ्यावा. तलवारीत काही नसतं. पण तलवारीबद्दल बोलता बोलता आप्पा ‘तवा आपलं घर वरच्या आळीला नव्हतं’ असं एक वाक्य बोलून जातात, तेवढं अधोरेखित करून ठेवावं. त्या वाक्यातून त्यांना मोठेपणा मिळत नाही, म्हणजे ते बहुधा खरं आहे.

चुलत्यांनंतर हेळवी. सांगली-कोल्हापूरच्या बाजूला आणि पलीकडे कर्नाटकात सुगी झाली की हेळवी येतात. पूर्वी बैलावर बसून येत, आमच्याकडे आला तो मोटारसायकलवरून. घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ सांगायच्या आणि धान्य घेऊन जायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. शेजारी भावकीतल्याच घराच्या ओट्यावर बसून त्याने त्यांच्या सात पिढ्या अशा म्हटल्या की ऐकताना अंगावर काटा आला. कोण कुणाचा, कुणाला मूल नव्हतं, कोण गाव सोडून गेला, सगळं एका दमात. मग तो आमच्या दारात आला, घराकडे बघितलं आणि म्हणाला, ‘तुमचं घराणं माझ्याकडं न्हाई.’

भिंतीला भिंत लागून घर, आडनाव तेच, आणि म्हणे घराणं माझ्याकडं न्हाई. आप्पांनी निकाल दिला : ‘ह्याला येत न्हाई.’ पायलीच्या जागी अर्धी पायली जोंधळे देऊन आम्ही त्याला वाटेला लावलं. मी वहीत लिहिलं, ‘हेळवी – अविश्वसनीय.’ हे वाक्य पुढे खोडावं लागलं, म्हणून नवशिक्यांनी असली मतं पेन्सिलीने लिहावीत.

आता तारखा. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, संकट सांगतात. प्लेग, मानमोडी, मोठा दुष्काळ, भूकंप. यातली मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएन्झा. आमचे आजोबा मानमोडीच्या साली जन्मले, हे त्यांच्या आईने सांगितलेलं. ती बाई तापात होती आणि बाळंत झाली, ते ती विसरणं शक्य नाही. शाळेच्या दाखल्यावर मात्र त्यांची जन्मतारीख १ जून १९२० आहे. त्यांच्या धाकट्या भावाची जन्मतारीखही १ जून १९२०. दोघे जुळे नव्हते, दोघांना एकाच दिवशी शाळेत नेऊन बसवलं होतं, एवढंच. गुरुजींनी उंची पाहिली, दात पाहिले आणि १ जून लिहून टाकलं. खेड्यापाड्यांतल्या दोन-तीन पिढ्यांचा वाढदिवस असा एकाच दिवशी येतो. आता कुणी विचारेल, पुरावा कशाला म्हणायचं? कचेरीत दाखल्याला. घरात तापाला.

एवढं झालं की गावकामगार तलाठ्याकडे. तिथे गाव नमुना चौदा मागायचा. जुनी माणसं त्याला कोतवाल बुक म्हणतात. जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात. तुम्ही उत्साहाने पणजोबांच्या भावंडांची नावं शोधाल आणि तिथे लिहिलेलं असेल : ‘मुलगा.’ खाली पुन्हा ‘मुलगा.’ मग ‘मुलगी.’ कोतवालाने खबर दिली तेव्हा बारसं व्हायचं होतं आणि पाळण्यात नाव ठेवल्यावर ते कळवायला पुन्हा कचेरीत कोण जातो? बापाचं नाव असतं, पण तेही कसलं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव द्यायची चाल, त्यामुळे विष्णूचा गणू, गणूचा विष्णू, विष्णूचा पुन्हा गणू अशी रहाटगाडग्यासारखी माळ फिरत असते. तुमच्या हाती लागलेला गणू कितवा, हे कळायला शेजारी त्याची जमीन सापडावी लागते.

म्हणून फेरफार. मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि पुढच्या काही वर्षांत गावोगाव फेरफाराची पुस्तकं उघडली गेली. वंश शोधणाऱ्याला याहून मोठं घबाड नाही, कारण माणूस मेला की त्याच्या जमिनीवर कोण चढलं हे त्यात लिहावंच लागतं. भाषा मात्र शिकून घ्या. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही पदवी बघून माझ्या पुतण्याला वाटलं होतं की पणजोबा कुठल्या कंपनीत होते. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता. अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, वयाने लहान. आणि ‘नाव कमी केले’ म्हणजे काय, ते बहिणींना विचारा. पिढ्यान् पिढ्या या पुस्तकांत लेकी जवळजवळ नाहीतच. जेव्हा वाटणीचा कायदा त्यांच्या बाजूने बोलायला लागला, तेव्हा त्यांची नावं वारस म्हणून चढली आणि थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्राने उतरली. आमच्या आत्याचं नाव मला सगळ्या सरकारी कागदांत एका ठिकाणी सापडलं : हक्कसोडपत्रावर, डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारी.

गाव कुठल्या जिल्ह्यात होतं, हे आधी पाहून ठेवा. आमचं वाळवा तालुक्यातलं गाव १८४८पर्यंत सातारच्या छत्रपतींचं, मग इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यातलं, १९४९ला दक्षिण सातारा जिल्ह्यातलं आणि १९६०ला सांगलीतलं. गाव जागचं हललं नाही, दप्तरं मात्र हिंडत राहिली. मीही त्यांच्यामागून हिंडलो. प्रत्येक कचेरीत ‘ते तिकडं असंल’ असं सांगणारा एक सज्जन भेटतोच.

फेरफाराच्याही मागे जायचं असेल तर मोडी. सारखी ओढलेली एक लांब रेघ, तिला टांगलेली अक्षरं, शब्दाशब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. साधारण १९५०नंतर मोडी शाळेतून गेली आणि आजोबांची अक्षरं नातवाला परकी झाली. २०२३पासून कुणबी नोंदींच्या शोधात मोडी वाचणाऱ्यांचा भाव एकदम वधारला. तोवर ज्यांना कुणी चहा विचारत नव्हतं अशा माणसांच्या दारात गाड्या उभ्या राहिल्या. तुम्हालाही असा माणूस गाठावा लागेल. त्याने वाचलेलं दुसऱ्याकडून पुन्हा वाचून घ्या. आमच्या एका कागदात पहिल्याने ‘भाऊ’ वाचलं आणि दुसऱ्याने ‘भाचा’. त्या दोन अक्षरांच्या मध्ये दीड एकर जमीन आहे.

अक्षर लागलं तरी साल लागत नाही. शक असेल तर ७८ मिळवा. फसली असेल तर ५९०. राज्याभिषेक शक असेल तर १६७४पासून मोजा. आणि जुन्या कागदावर ‘सन सलास सबैन मया व अलफ’ असलं काही आलं तर घाबरू नका, तो सुहूर सन आहे, अरबी आकड्यांत लिहिलेला : तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७३. त्यात ५९९ मिळवले की १७७२. पण हे वर्ष मृगाला सुरू होत असे, म्हणून कागद पुढच्या जानेवारीतला असेल तर १७७३. तिथीच्या आधी ‘छ’ दिसला तर तो चंद्राची तारीख सांगतो. मी पहिले पंधरा दिवस त्याला छत्रपती समजत होतो.

या जागी नवशिक्याच्या मनात एक प्रश्न यायला हवा. नसेल आला तर वही बंद करून शेतावर फेरी मारून या. प्रश्न असा : हा कागद कुणी आणि कशासाठी लिहिला? तुम्हाला तुमचा खापरपणजोबा सापडावा म्हणून कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. शिवकाळात आणि पेशवाईत पाटीलकीचा तंटा झाला की गोतसभा बसे, दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून देत, म्हणजे आपल्या घराची हकिकत अगदी मूळ पुरुषापासून. मग महजर, म्हणजे सभेचा लेखी निवाडा, होई. त्यावर गावकरी आपापल्या धंद्याच्या निशाण्या करत, कुणबी नांगराची, न्हावी आरशाची. तरीही मिटलं नाही तर दिव्य. तापलेल्या तेला-तुपातून धातूचा रवा हाताने उचलायचा. हात भाजला नाही तर तुमचा आजा खरा. पुढे १८५२च्या कायद्याने इनाम कमिशन आलं आणि प्रत्येक इनामदाराला सनद दाखवायची वेळ आली, तेव्हा माळ्यांवरून खऱ्या सनदांबरोबर हव्या तशा सनदाही खाली उतरल्या. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत, आणि त्यांतले किती भाऊबंदकीतून आलेले असतील याचा विचार करून पाहा. दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसले, म्हणून त्यांच्या चार पिढ्या आपल्याला ठाऊक. जे गुण्यागोविंदाने राहिले, त्यांचं नावही उरलं नाही. आपल्या पूर्वजांनी भांडलेलं असावं अशी इच्छा मला आयुष्यात पहिल्यांदा त्या दप्तरात झाली.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव कागद शोधत फिरत, त्यांच्या गोष्टी वाचून मीही त्र्यंबकेश्वरी गेलो. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गाववार नामावळ्या असतात. कोण कधी आला, बापाचं नाव, आजाचं नाव, बरोबर कोण. आमच्या गावचं पान निघालं. भावकीतली तीन घरं त्यावर होती. आमचं नव्हतं. वरच्या पानावर नाही, खालच्या पानावर नाही. उपाध्ये म्हणाले, ‘तुमचे वडीलधारे इकडे आले असतील तर मूळ गावाच्या पानावर असतील.’ मी म्हटलं, मूळ गाव हेच. ते काही बोलले नाहीत, पुढच्या यजमानाकडे वळले.

पेढे द्यायची वेळ ही होती. मला कळली नाही.

ती कळली पुढच्या वर्षी, बांधाच्या भांडणात. वंशावळ शोधणाऱ्याने भावकीतली भांडणं चुकवू नयेत. लग्नात सगळे गोड बोलतात, त्यातून काही मिळत नाही. जेसीबी बांधाला लागला होता, दोन्हीकडचे तावातावाने बोलत होते, आणि पलीकडची एक नव्वदीची म्हातारी काठी आपटून आप्पांना म्हणाली, ‘आमाला बांध दावतोस? तुजं देवक इचार आदी!’ सगळे एकदम गप्प झाले. जेसीबीवाल्यानेसुद्धा इंजिन बंद केलं.

देवक. लग्नात मांडवात जे पुजायचं ते. भावकीचं देवक कळंब. आमच्या घरच्या लग्नात मात्र आम्ही साळुंकीचं पीस पुजतो, आजवर पुजत आलो, आणि असं का, हे विचारावं असं कुणालाही वाटलं नाही. भावकी सोमवतीला जेजुरीला जाते, आम्ही चैत्रात जोतिबाला. आडनाव त्यांचं, देव वेगळा, देवक वेगळं. आडनाव कारकून बदलू शकतो, गुरुजी बदलू शकतो, दुसऱ्या गावात पाऊल ठेवलं की आपोआपही बदलतं. मांडवात कुठलं पीस बांधायचं, हे कुठल्या दप्तरात लिहिलेलं नसतं, आणि खोटं सांगून त्यात गुंठाभर जमीनही मिळत नाही.

मग मी फेरफाराच्या पुस्तकाकडे परत गेलो. आमच्या सगळ्यांत जुन्या गटाची १९११ची नोंद मी आधीही पाहिली होती. पणजोबांचं नाव होतं, म्हणून खूश होऊन पुढे गेलो होतो. आता सबंध वाचली. खातेदार मयत, मुलगा नाही, मुलगी मयत, मुलीचा मुलगा अज्ञान, अ.पा.क. आजी. पणजोबांना ही जमीन आईच्या बापाकडून आलेली. त्यांचे वडील, म्हणजे ज्यांच्यासाठी मी दोन वर्षं पेनं हरवत होतो ते खापरपणजोबा, घरजावई होते. त्या नोंदीत त्यांचं नाव नव्हतं. असायचं कारणच नव्हतं. जमीन त्यांची नव्हती.

आता आत्या. एवढं सगळं हातात घेऊनच आत्याकडे जा, आधी गेलात तर ती ‘मला काय ठावं बाबा’ म्हणून भाजी निवडत बसेल. मी नोंदीची नक्कल पुढे ठेवली. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि म्हणाली, ‘पल्याडच्या काठाचा हुता. बैलजोडी घिऊन आला आन् आडनाव नदीपल्याड ठिवून आला. आज्जी जात्यावर सांगायची.’ ही आज्जी म्हणजे पणजोबांची बायको. तिला ते तिच्या आजेसासूने सांगितलेलं, १९११च्या नोंदीतल्या त्या पालनकर्त्या आजीने. बायकांकडून बायकांकडे, दळता दळता आलेली ही हकिकत चुलत्यांच्या पानिपताला कधी भेटलीच नाही. आणि त्या मधल्या मुलीचं, म्हणजे आमच्या खापरपणजीचं, नावही आत्याला माहीत होतं. नोंदीत ती नुसती ‘मुलगी मयत’ आहे.

इथे थांबून आत्यालाही तपासून घ्या. माझी आत्या म्हणते, नवरा-बायको दोघं मोठ्या दुष्काळात गेली. १८७६-७७चा दुष्काळ म्हणावा तर तेव्हा पणजोबा जन्मलेही नव्हते. प्लेग असावा. ‘पलेग म्हन, दुस्काळ म्हन, गेली ती गेली,’ असं आत्याचं त्यावर म्हणणं. पलीकडच्या काठाचं गाव कुठलं, ते तिला आठवत नाही. साळुंकीचं पीस बघून साळुंखे म्हणायचा मोह मला झाला होता, पण एका देवकाची आडनावं पुष्कळ असतात, म्हणून वहीत ती जागा मोकळी ठेवली आहे.

शेवटचं काम म्हणजे वंशवृक्ष छापणं. मी फ्लेक्सच्या दुकानात मजकूर दिला. मुलाने स्क्रीनवर चौकटी जोडल्या आणि एका ठिकाणी हात थांबवला. ‘काका, हितं मधी बाईचं नाव आलंय. चुकून आलंय ना?’ मी म्हटलं, राहू दे. त्याने तिच्या चौकटीला गुलाबी रंग दिला, बाकी सगळ्या निळ्या. आप्पांनी फ्लेक्स पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून स्वतःचा वेगळा करून आणला. त्यात सगळ्यांत वर पानिपत आहे आणि कोपऱ्यात तलवारीचं चित्र. दोन्ही सोप्यात शेजारी शेजारी लावले आहेत. पाहुणे आप्पांच्या फ्लेक्ससमोर उभे राहून फोटो काढतात.

राहता राहिला हेळवी. त्याने आमचं घराणं आपल्याकडे नाही म्हणून सांगितलं, ते खरं होतं. नदीपल्याडच्या घराण्यांचा हेळवी दुसरा असणार, आणि कुणाचं घराणं कुणाकडे, हे हेळव्यांनाच ठाऊक. यंदा सुगीनंतर तो पुन्हा येईल. त्याच्यासाठी पायलीभर जोंधळे काढून ठेवले आहेत, आणि शेजारी वेगळ्या पिशवीत गेल्या खेपेची राहिलेली अर्धी पायली.